खापरावरचं नाव

१

पूर्णिमाला इतिहास नुसता तोंडानं शिकवणं जमायचंच नाही. सिंधू संस्कृती आली तेव्हा तिनं वर्गाबाहेर विटांचं गटार बांधून घेतलं होतं. रोमची सिनेट भरवली त्या दिवशी मुलांनी अंगाला गुंडाळायला घरून चादरी आणल्या, त्यातली एक हरवली आणि तिच्या मालकिणीनं आठवडाभर शाळेच्या फाटकात तोंड सोडलं होतं. बीदरजवळच्या चिटगुप्प्यातल्या त्या मराठी शाळेतले बाकीचे शिक्षक हसायचे. पण आठवीची पोरं तिच्या तासाला दांडी मारत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

फेब्रुवारी सरत आला होता. ऊन चावायला लागलं होतं आणि परीक्षा तोंडावर होती, म्हणून प्राचीन संस्कृतींमधल्या संज्ञांची उजळणी चालली होती. नगरराज्य, अगोरा, सिनेट, फोरम हे सगळं पाठ झालं होतं. ऑस्ट्रॅसिझम मात्र कुणाच्या जिभेवर बसेना.

"अथेन्समध्ये एखादा माणूस डोईजड झाला असं लोकांना वाटलं," पूर्णिमानं सांगितलं, "की ते चौकात जमायचे आणि फुटक्या मडक्याच्या खापरावर त्याचं नाव कोरायचे. ज्याच्या नावाची खापरं जास्त, त्यानं दहा दिवसांत गाव सोडायचं. त्याच्यावर आरोप नाही, चौकशी नाही, आणि त्याला बाजू मांडायची सोयही नाही."

"त्यानं काय केलेलं असायचं टीचर?"

"काहीच नाही केलं तरी चालायचं."

मग तिनं आपली आवडती गोष्ट सांगितली. एक पुढारी होता, फार सरळ माणूस. मतदानाच्या दिवशी एक अडाणी खेडूत त्यालाच भेटला. खेडुतानं त्याला ओळखलं नाही. खापर पुढं करून म्हणाला, मला लिहिता येत नाही, एवढं नाव लिहून द्या. सांगितलेलं नाव त्या पुढाऱ्याचंच होतं. त्यानं विचारलं, या माणसानं तुझं काय वाकडं केलंय? खेडूत म्हणाला, काही नाही, मी त्याला ओळखतही नाही, सारखं त्याचंच नाव ऐकून कान किटलेत.

"मग पुढाऱ्यानं काय केलं असेल?"

"दुसऱ्याचंच नाव लिवलं असंल," मागच्या बाकावरून एकजण म्हणाला.

"आपलंच नाव लिहून दिलं," पवित्रा म्हणाली. पवित्रा पूर्णिमाची लेक. याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि ही गोष्ट तिनं घरी दहादा ऐकलेली होती. पोरांनी तिच्याकडे पाहून तोंडं वाकडी केली.

खापरं आणायला सांगून उपयोग नव्हता, कारण आता घरोघरी फ्रीज आणि स्टीलचे हंडे. म्हणून तिनं शिपाई मृत्युंजयला सांगितलं होतं आणि त्यानं कुठूनसं अर्धं पोतं भरून आणलं होतं. मुलांनी कर्कटकाच्या टोकानं नावं कोरली. "टीचर, माझ्या खापराला भोक हाय," एकजण म्हणाला. खरंच, बऱ्याच खापरांच्या कडेला अर्धं गोल भोक होतं. काहींना काजळी लागलेली होती. चुलीवरची असतील, असं म्हणून पूर्णिमानं ती गोळा केली.

बहुतेक खापरांवर एकच नाव होतं. पवित्रा.

वर्ग खिदळला. शिक्षिकेची लेक, पहिला नंबर, पहिला बाक. पोरं तिला पाण्यात पाहतात हे पूर्णिमाला माहीत नव्हतं असं नाही. एक क्षण तिला वाटलं, हसून सोडून द्यावं. पण लेकीला सूट दिली तर उद्या हीच पोरं आपल्याला काय किंमत देतील? "निकाल म्हणजे निकाल," ती म्हणाली. "तास संपेपर्यंत बाहेर."

पवित्रा हसतच उठली आणि व्हरांड्याच्या पायरीवर वर्गाकडे पाठ करून बसली.

घंटा झाली. पूर्णिमानं फळा पुसला, मृत्युंजयला खापरं होती तिथं टाकून यायला सांगितलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन चहा घेतला. पेपर तपासले, गप्पा मारल्या. शाळा सुटून फाटकाशी आल्यावर तिला वाटलं, आपलं काहीतरी राहिलंय. छत्री हातात होती. डबा पिशवीत होता. मग ती धावत परत गेली.

पवित्रा अजून त्याच पायरीवर बसलेली होती.

"अगं, आत यायचं नाहीस का?"

"तू बोलावलंच न्हाईस की," पवित्रा म्हणाली.

२

पोटच्या पोरीला माणूस विसरतो का? विसरतो. कामाच्या रगाड्यात लोक गॅसवर दूध विसरतात. पूर्णिमानं रस्ताभर स्वतःला हेच समजावलं, आणि लेकीला वाटेत उसाचा रस पाजला.

घरी सासूबाई, जानकीबाई, स्वयंपाक उरकून बसल्या होत्या. वयानं वाकल्या असल्या तरी घर त्यांच्याच हातात होतं. पूर्णिमाचा नवरा विजयेंद्र बीदरला नोकरीला होता. तो खोली घेऊन तिथंच राहायचा आणि रविवारी घरी यायचा. त्यामुळे आठवडाभर जेवायला तिघीच असायच्या. जानकीबाईंनी पाट मांडले, ताटं वाढली आणि म्हणाल्या, "बस गं पूर्णिमा. निवायलंय."

ताटं दोनच होती.

"आई, पवित्राचं?"

जानकीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग डोक्यावर हात मारून घेतला. "अगं बाई, व्हय की. म्हातारपण बघ." आणि तिसरं ताट घेतलं. त्यात भाजी वाढायची त्या विसरल्या. पवित्रानं उठून आपल्या हातानं वाढून घेतली.

सकाळी सडा घालायला पूर्णिमानं दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर एक खापर पडलं होतं. कडेला अर्धं गोल भोक. मधोमध कोरलेलं होतं, पवित्रा.

वर्गातल्याच कुणाचा तरी आगाऊपणा. पोरं अशीच असतात. तिनं खापर पदराआड केलं आणि आत नेऊन स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात टाकलं. टाकताना तिच्या बोटांना ओल लागली. रात्री दव पडलं असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. चिटगुप्प्यात फेब्रुवारी अखेरीला दव पडत नाही, हे ती जन्मभर बघत आली होती.

३

त्यानंतर रोज सकाळी एक खापर यायला लागलं.

प्रत्येकावरचं अक्षर वेगळं होतं, आणि भीती तिथूनच सुरू झाली. वर्गातल्या पोरांची अक्षरं पूर्णिमानं झोपेतही ओळखली असती. ही त्यांची नव्हती. एक अक्षर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या पाटीसारखं होतं. एक शाळेच्या मुख्याध्यापकांचं वाटलं, ते 'त्र' असाच काढायचे. एखादा साधा माणूस दुसऱ्याच्या पोरीचं नाव खापरावर कोरत बसेल कशाला, असं मन म्हणायचं. आणि तेच मन म्हणायचं, अक्षर तर त्यांचंच आहे.

इकडे पवित्रा पुसट व्हायला लागली होती. दिसत होती, चालत होती, पण लोकांची नजर तिच्यावरून घसरायची. गणिताच्या सरांनी हजेरी घेताना तिचं नाव गाळलं. ती उभी राहून "मी हाय सर" म्हणाली, तरी ते पुढचं नाव वाचत गेले. पहिल्या बाकावर तिच्या जागेवर दुसरी पोरगी येऊन बसली आणि पवित्रानं तिला उठवलं नाही. मधल्या सुट्टीत ती आपली आपण व्हरांड्यात जायची आणि त्याच पायरीवर बसायची.

"तिथं कामून बसायलीस?" पूर्णिमानं विचारलं.

"तिथं बरं वाटायलंय." मग पवित्रानं विचारलं, "आई, तू कामून भ्यायलीस?"

पूर्णिमानं मृत्युंजयला गाठलं. खापरं कुठून आणली होती?

"ओढ्याकडून की टीचर," तो सहज म्हणाला. "मसणवट्यात ढीगच पडलाय. धुऊन आणली व्हती मी."

तिच्या डोळ्यांसमोर खांद्यावर मडकं घेतलेला माणूस उभा राहिला. चितेभोवती फिरणारा, मडक्याला भोक पाडलेलं, पाण्याची धार खांद्यावरून खाली. शेवटी मडकं पाठीमागं टाकायचं आणि वळून बघायचं नाही. सासऱ्यांच्या वेळी विजयेंद्रनं केलं होतं. त्या मडक्यांची खापरं कुणी घरात आणत नाही, आणि जित्या माणसाचं नाव त्यावर काढायचं तर कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तिनं ती पोरांच्या हातात दिली होती. वर कर्कटकंही दिली होती.

"परत टाकली ना सगळी?"

"व्हय टीचर. पोतं झटकून आलोय."

४

शनिवारी दुपारी विजयेंद्रचा फोन आला. हैदराबादला त्याच्या मामेबहिणीचं लग्न होतं. "बसची दोन तिकिटं काढलीत बघ. आईला प्रवास झेपत न्हाई म्हणाली, ती घरीच राहील."

"दोन कशी? तीन लागतील ना?"

"तीन कुणाची?"

"पवित्रा नाही का यायची?"

पलीकडे बीदरच्या बसस्टँडचा गोंगाट ऐकू येत होता. कुणीतरी जहिराबाद, जहिराबाद असं ओरडत होतं. मग विजयेंद्रनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "कोण?"

लाईन खराब असेल. गोंगाटात नाव ऐकू आलं नसेल. पूर्णिमानं फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. आता मनाला समजवायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. फळीवरचा डबा काढून तिनं खापरं जमिनीवर पसरली. त्या सकाळी आलेल्या खापरावरचं अक्षर थरथरत्या हाताचं होतं, 'प'चं पोट फुगलेलं. घरातून वाण्याकडं जाणाऱ्या यादीवरचं अक्षर.

"आई, हे तुम्ही लिहिलंय?"

जानकीबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि खापराला हात न लावताच मागं सरल्या. "हे घरात कामून आणलीस? हे आणायचं नसतंय."

"पण लिहिलंय कुणी?"

"मीच की," त्या आठवून म्हणाल्या. "काल दारात कुणी तरी आलतं. दुपारच्याला. लिवता येत न्हाई, एवढं नाव लिवून द्या म्हणलं. दिलं लिवून. नड असंल बिचाऱ्याला."

"कोण होतं? तोंड पाहिलंत?"

"तोंड कुठलं. पाठमोरंच हुबं व्हतं. लाजत असंल, म्हणलं." जानकीबाईंनी पदर सारखा केला. "खांदा मातूर वला व्हता. एवढ्या उन्हात. डावा खांदा नुसता निथळायलता."

"आणि नाव कुणाचं सांगितलं?"

जानकीबाईंनी खापराकडे बघितलं. ओठ हलवून अक्षरं जुळवली. मग लहान पोरासारख्या गोंधळल्या चेहऱ्यानं सुनेकडे पाहिलं.

"कुणाचं गं हे? आपल्यात कुणी हाय का या नावाचं?"

५

त्या रात्री पूर्णिमानं लेकीला कुशीत घेतलं आणि हळूहळू तिचं नाव घेत राहिली. आपण विसरलो तर संपलं, एवढं तिला कळलं होतं. पहिल्या दिवशी चहा पिताना ती विसरलीच होती. पवित्रा, पवित्रा, पवित्रा. पहाटेकडे कधीतरी डोळा लागला.

रविवारी सकाळी विजयेंद्र आला. चहा प्यायला, पेपर वाचला. पवित्रा समोर बसलेली असताना तिच्या अंगावरून हात नेऊन त्यानं खिडकी उघडली. दुपारी पूर्णिमा भांडी घासून बाहेर आली तर पवित्रा घरात नव्हती. कुठं गेली हे कुणाला विचारायची सोय नव्हती.

ती धावत सुटली. हाका मारत. पवित्रा, ए पवित्रा. रस्त्यावर उन्हानं चिटपाखरू नव्हतं. शाळेच्या फाटकाला कडी होती, पण कुलूप नव्हतं.

पवित्रा पायरीवर बसली होती. वर्गाकडे पाठ करून, गुडघ्यांवर हात ठेवून. तिच्या पायांशी सावली पडलेली नव्हती, की ऊनच तसं होतं, हे पूर्णिमाला नीट कळलं नाही. तिनं लेकीला दोन्ही हातांनी धरलं. हात लागले. पण पोरीचं अंग ओल्या भिंतीसारखं थंड होतं.

"चल घरी."

"तूच म्हणलीस बाहेर बस," पवित्रा समोर बघत म्हणाली. "अजून कुठं बोलावलंस?"

"बोलावतेय ना. आत्ता बोलावतेय. चल."

पवित्रा हलली नाही. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज यायला लागला. थेंब पडल्याचा. टप. मग पाऊल. मग टप. शाळेच्या टाकीत आठवड्यापासून पाणी नव्हतं.

आवाज पूर्णिमाच्या मागं येऊन थांबला. तिच्या पोटऱ्यांना गारवा लागला.

"टीचर," कुणीतरी म्हणालं. आवाज म्हातारा होता, दमलेला आणि अगदी अदबीचा. "मला लिवता येत न्हाई. एवढं नाव लिवून देताव का?"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. समोर वर्गाची खिडकी होती. धुळीनं भरलेल्या काचेत तिला आपला चेहरा दिसला, आणि आपल्या खांद्यामागं एक पाठ. तो तिच्या पाठीला पाठ लावून उभा होता. डोक्याला पांढरं गुंडाळलेलं, डाव्या खांद्यावर काहीतरी गोल, आणि त्यातून पाण्याची बारीक धार. मग एक हात उलटा मागं आला, तिच्या खांद्यावरून पुढं. हाताची बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली होती. तळव्यावर एक कोरं खापर होतं आणि एक कर्कटक. वर्गातलंच.

"एवढं शेवटचंच हाय," आवाज म्हणाला.

पूर्णिमानं विचारलं. तिला विचारावंच लागलं, कारण पुढचं वाक्य तिला पाठ होतं. "तिनं तुमचं काय वाकडं केलंय?"

"काय बी न्हाई की. मी वळखतबी न्हाई." धार टपटपत राहिली. "सारखं तिचंच नाव ऐकायलोय. रातंदिस. तुमीच हाका मारायलाव."

पूर्णिमानं खापर घेतलं. ते जड होतं. तिनं पवित्राकडे पाहिलं, केसांच्या भांगाकडे, मानेवरच्या तिळाकडे, आणि सावकाश एकेक अक्षर कोरलं. बाई आयुष्यभर फळ्यावर लिहीत आली होती, अक्षर चांगलंच आलं.

"झालं?"

"झालं," ती म्हणाली आणि खापर त्या तळव्यावर परत ठेवलं.

त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं बोटानं अक्षरं चाचपली, जरा थांबला, आणि निघून गेला. टप. पाऊल. टप. आवाज ओढ्याच्या दिशेनं लांब गेला.

"आई," पवित्रा उठून उभी राहिली. तिचे गाल उन्हानं लाल झाले होते. "किती उकडायलंय गं इथं. घरी चल की."

६

संध्याकाळी जानकीबाईंनी पवित्राला पाहताच तोंडाचा पट्टा सोडला. उन्हातान्हात कुठं उंडारायलीस, काळी पडशील. विजयेंद्रनं लेकीच्या डोक्यावर टप्पल मारली आणि हैदराबादला जाताना खिडकीची जागा तुझी, असं सांगितलं. पूर्णिमा स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी तिला रडू आलं, आणि ते सुखाचंच होतं.

मग तिनं फळीवरचा डबा काढला. सगळी खापरं तिथंच होती. दुकानदाराचं अक्षर, मुख्याध्यापकांचं अक्षर, जानकीबाईंचा फुगलेला 'प'. एक नवीन होतं, उजवीकडे झुकलेलं, विजयेंद्रच्या सहीसारखं. सगळ्यांवर एकच नाव होतं. पूर्णिमा.

तिनं डब्याचं झाकण लावलं.

बाहेर पाट मांडल्याचा आवाज झाला. ती दाराशी आली. ताटं तीन होती. जानकीबाईंनी वाढलं, विजयेंद्रनं भाकरी मोडली. पवित्रानं हात धुतले, पाटावर बसली आणि एकदम थांबली.

"आजी, आई कुठंय?"

"कोण?" जानकीबाई म्हणाल्या.

पवित्रा दाराकडे बघायला लागली. जिथं पूर्णिमा उभी होती तिथंच. पोरीच्या कपाळाला आठी पडली, एखादा शब्द जिभेवर येऊन अडावा तशी. पूर्णिमाला वाटलं, हाक मारावी. एक हाक मारली तर ती ओळखेल. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. नाव घ्यायचं नव्हतं. ऐकणारं कुणी अजून जवळपास असेल.

"पवित्रा," विजयेंद्र म्हणाला, "निवायलंय. जेव की."

पवित्राची आठी हळूहळू गेली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

पूर्णिमा भिंतीच्या कडेकडेनं बाहेर गेली. उंबरा ओलांडला आणि पायरीवर बसली, घराकडे पाठ करून. आत पवित्रा कशावर तरी मोठ्यानं हसली. पूर्णिमानं मागं वळून पाहिलं नाही.